मायाक्काचं घोंगडं

हे खरं घडलेलं आहे.

असं प्रत्येकजणच म्हणतो, मला ठाऊक आहे. मीही या पानावरच्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि हसतो. चिंचोळी एमआयडीसीत मशीनच्या खडखडाटात भुताला कोण भितंय? त्यात आमच्या घरात भूतबाधा, देवऋषी, उतारे असलं काही चालतच नाही. आमच्या आजोबांनी एकदा अंगात आलेल्या शेजारणीला "चहा टाकू का?" असं विचारून शांत केलं होतं. मी त्या घरातला.

पण ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे. बुद्धप्रियाची. आणि ती खोटं बोलत नाही.

म्हणजे... एकदाच बोलली. त्याचीच ही गोष्ट.

जागा सोलापूरची. शहराबाहेरचं एक खासगी विद्यापीठ, नाव घेत नाही. वेळ रात्रीची नाही. शनिवार, दुपारचे चार. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली.

माणसांची नावं मात्र मी बदललेली नाहीत. मुद्दामच. का, ते शेवटी सांगतो.

प्रिया त्या विद्यापीठात कार्यक्रम विभागात होती. अकरा महिन्यांच्या करारावर. दर सोमवारी ती 'आगामी कार्यक्रम' असा एक कागद काढायची आणि काचेच्या फळ्यात लावायची. कुणाचं संशोधनावर व्याख्यान, कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठे गाणंबजावणं. पाहुण्यांची गाडी, हार, पाण्याच्या बाटल्या, सगळं तिच्याच गळ्यात. पोरगी कामाला वाघीण. पण वाघिणीलाही हात दोनच असतात.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिथे कला सप्ताह होता. त्यासाठी प्रिया सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर गेली होती. तिथे मायाक्का येडू गडदे नावाची धनगराची म्हातारी राहायची. वय सत्तरीच्या पुढचं. लोकर कातता कातता ती ज्या ओव्या गायची, त्या दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या.

मायाक्कानं प्रियासाठी ओसरीवर घोंगडं अंथरलं. काळंभोर, कडेला पांढरी पट्टी. नुकतीच चिंचोक्याची खळ दिलेलं, त्यामुळे कडक आणि उग्र वासाचं. चहा पिऊन प्रिया उठली आणि शहाण्या मुलीसारखी घोंगडं गुंडाळायला लागली.

"गुंडाळ की आता," म्हातारी म्हणाली. "बसून उटलीस न्हवं? मग गुंडाळ. पर येक ध्येनात ठेव पोरी. घोंगडं कुनासाटी हातरलं, की त्ये मानूस बसून उटल्याबिगर गुंडाळायचं न्हाय."

"का हो आजी?"

"बलिवल्यालं मानूस वाटंतच ऱ्हातंय."

प्रिया हसली. तेच घोंगडं म्हातारीनं तिच्या हातात दिलं. "हे घिऊन जा. तितं हेच हातर माज्यासाटी. खुर्चीवर माजा आवाज निगत न्हाय."

मायाक्काचा मुलगा बिरप्पा मेंढरं घेऊन लांब गेलेला. घरी सून विजयमाला होती. तिनं घरातल्या साध्या फोनचा नंबर लिहून दिला. "काय बदल झाला तर सांगा बरं का म्याडम," ती म्हणाली. "मामींचं वय झालंय. उगं हेलपाटा नगं."

हे वाक्य प्रियाला अजून पाठ आहे.

कागदावर छापलं गेलं : शनिवार, दुपारी ४. जुनं सभागृह. लोकर कातताना गायच्या ओव्या. मायाक्का येडू गडदे.

गुरुवारी माने सरांनी प्रियाला बोलावलं. माने सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. तिचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्यांच्याच सहीवर.

"शनिवारी चारला दिल्लीच्या प्राध्यापकांचं व्याख्यान घ्यावं लागतंय. नव्या सभागृहात. त्या ओवीवाल्या आजींचं पुढे कधीतरी बघू. त्यांना कळवून टाका."

"हो सर."

प्रियानं तळहातावर पेननं लिहिलं. 'मायाक्का – फोन.'

दुपारी जेवून हात धुतले. अक्षरं गेली.

शुक्रवारी संध्याकाळी तिला एकदम आठवलं. पण तेव्हा ती फलकवाल्याशी भांडत होती, त्यानं प्राध्यापकांचं नाव चुकवलं होतं. म्हटलं, सकाळी करू. शनिवारी सकाळी म्हटलं, आता निघालीच असेल. आली तर बघू.

आणि ती आली.

चार वाजता प्रिया नव्या सभागृहाच्या खिडकीत उभी होती. समोर जुनं सभागृह. दाराला कुलूप. आणि पायरीवर... हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी. मांडीवर पिशवी. भर उन्हात ताठ बसलेली.

प्रियानं तिला पाहिलं. ओळखलं. आणि ती गेली नाही.

जायला दोन मिनिटं लागली असती. पण जाऊन सांगायचं काय? शेजारी माने सर उभे, व्याख्यान सुरू होतंय. तिला लाज वाटली, भीतीही वाटली. तिनं पडदा ओढून घेतला. चहा झाला की जाऊ, असं स्वतःला सांगितलं.

चहा झाला तेव्हा पायरी रिकामी होती.

संध्याकाळी फाट्यावरच्या एसटी थांब्यावर मायाक्का बसल्या जागी गेली. सांगोल्याची गाडी आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, म्हातारी उठली नाही. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी प्रियानं जुनं सभागृह उघडलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्टेजवर घोंगडं अंथरलेलं होतं. आधी ठरल्याप्रमाणे शिपायानं शनिवारी सकाळी अंथरलं, मग कुलूप लावून नव्या सभागृहाकडे गेला. कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

मायाक्कासाठी अंथरलेलं. आणि ती त्यावर बसलीच नव्हती.

प्रियानं ते गुंडाळलं आणि आपल्या ऑफिसातल्या कपाटात टाकलं.

तासाभरात फोन आला. बिरप्पाचा.

"म्याडम... आई गेली. त्येवडं इचारायचं व्हतं. कारेक्रम झाला का तिचा?"

माने सर समोरच बसले होते.

"रद्द झाला होता," ती म्हणाली. "मी... मी गुरुवारी फोन केला होता. एका बाईंनी उचलला. 'सांगते' म्हणाल्या."



"विजीनं उचलला आसंल," बिरप्पा हळूच म्हणाला. आणि फोन ठेवला.

बस. एवढंच. एक वाक्य. माने सरांनी मान हलवली, करार पुढे चालू राहिला. पण त्या वाक्यानं तिकडे काय केलं, ते प्रियाला पुढे वर्षभर कुठून ना कुठून कळत राहिलं. बिरप्पानं बायकोशी बोलणं टाकलं. वाडीतल्या बायका विजयमालाला हळदीकुंकवालाही बोलवेनात. जिनं सासूला उन्हात मरायला धाडलं ती, असं म्हणत तिच्याकडे बोट दाखवायच्या.

प्रिया रोज ठरवायची, आज फोन करून खरं सांगते. आणि रोज रात्री ताटावरून तशीच उठायची.

आता यावर्षीचं ऐका.

मार्चचा पहिला सोमवार. प्रियानं नेहमीसारखी यादी केली. संगणकावर सात कार्यक्रम. मोजून सात.

छापून आला कागद. त्यावर आठ.

शेवटची ओळ... शनिवार, दुपारी ४. जुनं सभागृह. मायाक्का येडू गडदे.

मग तिनं स्वतःलाच समजावलं. मागच्या वर्षीच्याच कागदावर नवं लिहिलंय, राहिली असेल जुनी ओळ. तिनं पुन्हा छापलं. सात. तो कागद काचेच्या फळ्यात लावला, कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी सकाळी फळ्यासमोर दोन मुली उभ्या होत्या. "मॅडम, या मायाक्का कोण?"

प्रियानं वाचलं.

आठ.

बुधवारी सारजाबाई आली. ही तिथे झाडलोट करते, दिवाळीनंतर कामाला लागलेली. तिला मागचं काहीच माहीत नव्हतं.

"म्याडम, जुन्या हालमधी चिंचोकं कुनी शिजवलं वो?"

"काय?"

"वास मारतोय की लई. खळीचा. माज्या म्हायेरी घोंगडी व्हायची, मला वळखू येतो. पर भांडं न्हाय, चूल न्हाय... नुसता वास."

जुनं सभागृह वर्षभर बंदच होतं. सारजाबाई फक्त धूळ झाडायला आत गेली होती.

मला तिनं हे सगळं पुढे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस घरी?" ती म्हणाली, "दादा, आपल्या घरात कुणाला सांगू? भुताचं सांगितलं तर हसले असते. आणि खरं सांगितलं तर..."

गुरुवारी दुपारी तिनं दार लावून घेतलं आणि तो नंबर लावला. ठरवूनच. आज सांगायचंच. विजयमालानं उचलला तर आधी तिची माफी मागायची.

रिंग वाजली. एकदा... दोनदा... तीनदा...

कुणीतरी उचलला.

"हॅलो? विजयमालाताई?"

पलीकडे घुर्र घुर्र आवाज. एकसारखा. चरख्याचा.

"ताई, मी बुद्धप्रिया बोलतेय. मागच्या वर्षी मी फोन केला नव्हता. मी खोटं..."

चरखा थांबला.

आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, "सांगते."

फोन कट.

जी बाई कधी अस्तित्वातच नव्हती, जी तिनं आपली कातडी वाचवायला तोंडातून काढली होती, तिनं आज फोन उचलला होता.

शनिवार उजाडला.

चार वाजता प्रिया त्याच खिडकीत गेली. पाय आपोआप गेले, असं ती म्हणते. नव्या सभागृहात कसलंसं व्याख्यान चालू होतं. समोरच्या जुन्या पायऱ्यांवर पोरंपोरी बसलेली. गप्पा, मोबाईल, वडापाव. गच्च भरलेल्या पायऱ्या.

फक्त एक जागा सोडून.

वरच्या पायरीवर, बरोबर मधोमध... एका माणसाची जागा. कुणी तिथे बसत नव्हतं. नवीन पोरं येत होती, दाटीवाटीनं कडेला बसत होती, उभी राहत होती. त्या जागेकडे कुणी बघतही नव्हतं. आणि तिथलं ऊन कमी होतं. कुणीतरी बसल्यावर पडावी, तेवढी सावली.

यावेळी तिनं पडदा ओढला नाही.

ऑफिसात जाऊन कपाट उघडलं. घोंगडं काढलं. वर्षभर गुंडाळून पडलेलं घोंगडं... पण खळ ओली होती. बोटांना चिकटली.

ती पायऱ्या चढली. त्या रिकाम्या जागेशेजारून जाताना तिनं मान वर केली नाही. कुलूप काढलं, दार सताड उघडलं. स्टेजवर घोंगडं अंथरलं, चारी कोपरे सारखे केले. आणि समोर जमिनीवर जाऊन बसली.

"या आजी," ती म्हणाली. "उशीर झाला. या."

काहीच झालं नाही.

बाहेर पोरांचा गलका होता. तो थांबला. एकाएकी, जणू कुणी दार लावलं. दार तर उघडंच होतं.

पंखा बंद होता. तरी घोंगड्याचे काठ हलले.

आणि मग मधोमध... ते घोंगडं हळूहळू खाली दबलं.

प्रिया रडायला लागली. "आजी, मी फोन केला नव्हता हो. विजयमालाताईंचा काही दोष नाही. मी खोटं बोलले. नोकरीसाठी बोलले."

"म्याडम?"

दारात सारजाबाई उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"त्या आजीबाईला पानी दिऊ का? उनाच्या आल्यात जनू."

"कुठल्या आजीबाईला?"

सारजाबाईनं स्टेजकडे बघितलं. मग प्रियाकडे. तांब्या तिनं उंबऱ्यातच ठेवला.

"आत्ता तर हितंच बसल्याली... हिरव्या लुगड्यात..."

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रियानं पहाटे येऊन मला उठवलं आणि आम्ही माझ्या गाडीवर सांगोल्याकडे निघालो. रस्ताभर तिनं मला हे सगळं सांगितलं. पुढचं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बिरप्पा अंगणात कोकराला पाला चारत होता. विजयमाला दाराच्या आत, भिंतीला टेकून. दोघांच्या मध्ये आठ-दहा पावलांचं अंतर, पण मुलूख वेगळा असावा तसं.

प्रियानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन केला नव्हता. कुणी उचलला नव्हता. खोटं होतं.

बिरप्पानं हातातला पाला खाली टाकला.

बोलली ती विजयमाला.

"म्या इसरले, आसंच वाटत हुतं मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आदी म्हनायची, फोन आलाच न्हाय. पर समदीच म्हनाय लागली तवा वाटलं, आला आसंल. उचलला आसंल. म्याच इसरले आसंल. वरीसभर म्या सवताच्या डोस्क्याला शिव्या घालतीया म्याडम. तुमाला कळतंय का, तुमी काय केलंय?"

प्रियानं तिचे पाय धरले. विजयमालानं पाय मागे घेतले.

मला तिथे उभं राहवेना. पण विचारायचं राहिलं होतं, म्हणून मी बिरप्पाला म्हटलं, "दादा, परवा गुरुवारी तुमच्या घरातला फोन कुणी उचलला?"

"कंचा फोन?" बिरप्पा म्हणाला. "त्यो तर आईच्या तेराव्यालाच म्या हिरीत फेकला. रागाच्या भरात."

विहीर अंगणाच्या कडेलाच होती. मी तिकडे बघितलं नाही.

निघताना बिरप्पानं विचारलं, "घोंगडं कुटं हाय?"

"सभागृहात. अंथरलंय," प्रिया म्हणाली.

"आई बसली?"

"हो."

"मग उटली का?"

"मी... मी तसंच ठेवून आले," प्रिया म्हणाली.

"उटल्याबिगर हालवू नका," तो म्हणाला, आणि बायकोकडे वळला. वर्षानं पहिल्यांदाच. "विजे..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ती आत निघून गेली.

प्रियानं माने सरांना सगळं लिहून दिलं. करार संपला. तिच्या जागी ऋतुराज नावाचा मुलगा आला, तोच आता यादी लावतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, तेव्हा मी प्रियाच्या घरीच होतो. फोन तिनं स्पीकरवर टाकला होता.

"मॅडम, जुन्या सभागृहात नाटकाची तालीम लावायची आहे. स्टेजवर घोंगडं आहे, ते गुंडाळू का?"

प्रिया जवळजवळ ओरडलीच. "गुंडाळू नकोस. आधी... आधी मधोमध हात लावून बघ."

त्याच्या पावलांचा आवाज. स्टेजच्या लाकडी पायऱ्या. मग घोंगड्यावर हात फिरल्याची खसखस.

"मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "इथे आत्ता कुणी बसलं होतं का? गरम आहे."

प्रियानं फोन ठेवला.

मी तिला म्हटलं, "आता कशासाठी बसलीय ती? तू तर सगळं सांगितलंस."

ती उठली आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला.

आणि मग मला आठवलं. त्या अंगणात मीही उभा होतो. तिनं फोनचं सांगितलं, खोट्याचं सांगितलं. खिडकीचं सांगितलं नाही. तिनं मायाक्काला पायरीवर पाहिलं होतं, ओळखलं होतं आणि पडदा ओढला होता, हे बिरप्पाला आणि विजयमालाला अजून माहीत नाही.

"माझ्यानं नाही होत दादा," प्रिया म्हणाली. "बाकी सगळं बोलता आलं. तेवढंच नाही. तू लिही."

म्हणून मी लिहिलं आहे. म्हणून नावं बदललेली नाहीत. त्या वाडीवर हे पान कुणी वाचतं की नाही, मला माहीत नाही. वाचत असेल, तर त्या घरापर्यंत हे पोचवा.

मी भूत मानत नाही, हे सुरुवातीला म्हणालो होतो. आता तेही ठामपणे म्हणता येत नाही.

आज शनिवार आहे. पलीकडच्या खोलीत प्रिया पडदे उघडे टाकून बसली आहे. चार वाजायला वीस मिनिटं आहेत.